खासगी शाळा विद्यार्थ्यांसाठी जाहिराती का करतात?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे शाळांच्या प्रवेश-जाहिरातींविषयी आहेत. ती वेगवेगळ्या गावांतून आणि वेगवेगळ्या बाजूंनी लिहिलेली असली तरी एकाच विषयाला भिडतात, म्हणून एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांनी उल्लेख केलेल्या शाळांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही पिंपरी-चिंचवडच्या एका नव्या वस्तीत राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दसरा झाल्यापासून आमच्या भागातल्या प्रत्येक चौकात ‘प्रवेश सुरू’ असे फ्लेक्स लागले आहेत, वर्तमानपत्रातून पत्रके येतात आणि एका संकेतस्थळावर चौकशीचा अर्ज भरल्यापासून वेगवेगळ्या शाळांचे फोन थांबलेले नाहीत. आमच्या लहानपणी चांगल्या शाळेला जाहिरात करावी लागत नसे; पालकच पहाटेपासून रांग लावत. मग जी शाळा एवढी जाहिरात करते ती चांगली नाही, असे समजावे का? आणि या जाहिरातींचा खर्च शेवटी कोण देतो? — एक आई, मोशी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते एका वाक्यात देता येते : हा खर्च शुल्कातून, म्हणजे पालकांच्याच पैशातून होतो. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांना शासनाचे वेतन अनुदान नसते आणि मोठ्या देणग्या मिळवणाऱ्या मोजक्या संस्था सोडल्या तर शुल्क हेच त्यांचे उत्पन्न असते. त्यातही एक बारकावा आहे. शालेय शिक्षण वस्तू व सेवा करातून मुक्त असल्यामुळे शाळेला जाहिरातीवर भरलेल्या १८ टक्के कराची वजावट मिळत नाही. इतर व्यवसायांप्रमाणे तो कर पुढे वळता करता येत नाही. त्यामुळे एक लाखाची जाहिरात शाळेला एक लाख अठरा हजारांना पडते आणि तेवढी रक्कम पालकांच्या शुल्कातूनच जाते.

पहिल्या प्रश्नासाठी शाळेचा जमाखर्च कसा चालतो ते पाहावे लागेल. शाळेचा खर्च मुलांच्या संख्येनुसार फारसा कमीजास्त होत नाही. वर्गात ४० मुले बसली काय किंवा २८ बसली काय, शिक्षिकेचा पगार तोच, इमारतीच्या कर्जाचा हप्ता तोच, पहारेकरी, वीज आणि बसचा फेरा तोच. खर्च भरून निघाल्यानंतर येणारे प्रत्येक मूल मात्र जवळजवळ पूर्ण शुल्काइतकी भर घालते, आणि रिकामी राहिलेली प्रत्येक जागा तेवढीच तूट आणते. समजा, ज्युनिअर केजीची तुकडी ४० जागांची आहे आणि वार्षिक शुल्क ६० हजार रुपये आहे. दहा जागा रिकाम्या राहिल्या तर त्या वर्षी सहा लाख रुपये कमी येतील. पण ही तूट त्या वर्षापुरती राहत नाही. साडेतीन-चार वर्षांचे मूल एकदा शाळेत आले की सहसा दहावीपर्यंत तिथेच राहते आणि मधल्या इयत्तांत नवी मुले फार थोडी येतात. ज्युनिअर केजी ते दहावी या बारा वर्षांचा हिशेब केला, तर शुल्कवाढ न धरताही एका मुलामागे ७ लाख २० हजार आणि दहा जागांमागे ७२ लाख रुपये होतात. संस्थाचालकासमोर हा आकडा असतो, म्हणून दोन-तीन लाखांचे होर्डिंग आणि समाजमाध्यमांवरील जाहिराती त्याला महाग वाटत नाहीत. बहुतेक जाहिराती सर्वांत लहान वर्गासाठी असतात आणि शाळा सुरू होण्याच्या सहा-आठ महिने आधी दिसू लागतात, त्यामागेही हेच कारण आहे. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात आणि सीबीएसईच्या एप्रिलमध्ये, पण पालकाचा निर्णय बहुधा हिवाळ्यातच होऊन जातो.

आपल्या लहानपणी असे नव्हते, हे आपले निरीक्षण खरे आहे. मात्र त्याचे श्रेय त्या वेळच्या शाळांच्या गुणवत्तेला जितके द्यावे तितकेच त्या वेळच्या टंचाईलाही द्यावे लागते. तेव्हा शाळा कमी आणि मुले जास्त होती. आता ते प्रमाण दोन्ही बाजूंनी बदलले आहे. महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियम २०१२ साली आला आणि जागा, इमारत, ठेव अशा अटी पूर्ण करून अनुदान न मागणाऱ्या संस्थांना नवी शाळा काढण्याची वाट मोकळी झाली. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, १.७ वर आला आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ असावा लागतो. शाळा वाढत असताना शाळेत जाण्याच्या वयाची मुले घटत आहेत. शिवाय लोकवस्ती सरकली. पुण्यातील पेठा, दादर, गिरगाव अशा भागांतील जुन्या शाळांच्या आसपास आता लहान मुले असलेली कुटुंबे कमी राहतात. ती मोशी, वाघोली, डोंबिवली, वसई-विरारकडे गेली आणि नव्या शाळाही त्यांच्या मागोमाग तिकडेच गेल्या.

अशा नव्या शाळेची अडचणही समजून घ्यायला हवी. तिला माजी विद्यार्थी नसतात, शेजारच्या काकूंनी ‘आमची दोन्ही मुले तिथेच शिकली’ असे सांगण्याची सोय नसते आणि बालवर्गापासून सुरू केलेल्या शाळेची दहावीची पहिली तुकडी बाहेर पडायला दहा-बारा वर्षे लागतात. आपण कुठे आहोत आणि काय शिकवतो हे लोकांना सांगण्यासाठी तिने जाहिरात केली तर त्यात गैर काही नाही. त्यामुळे केवळ जाहिरात दिसते म्हणून शाळा वाईट ठरवू नये, हे माझे पहिले सांगणे. उलट, जी शाळा जाहिरात करत नाही ती चांगलीच असेल, असाही निष्कर्ष काढता येत नाही. कधी कधी ती केवळ जुन्या नावावर चाललेली असते.

माझी खरी काळजी वेगळी आहे. शाळेची गुणवत्ता बाहेरून दिसत नाही. पहिलीतल्या मुलाला दिवाळीपर्यंत स्वतःहून वाचता येऊ लागले, गणितात मागे पडलेल्या मुलीला बाईंनी शाळा सुटल्यावर रोज वीस मिनिटे दिली, या गोष्टी छायाचित्रात मावत नाहीत. पोहण्याचा तलाव, वातानुकूलित बस, काचेची इमारत आणि संगणक कक्ष मात्र छायाचित्रात उत्तम दिसतात. पालक त्यांना भुलतात, म्हणून शाळा त्यांची जाहिरात करते. आणि जाहिरातीत दाखवायचे म्हणून पुढच्या वर्षीचा पैसाही त्यांच्यावरच खर्च होतो. शिक्षकांच्या पगारवाढीचे छायाचित्र काढता येत नसल्यामुळे तो खर्च सर्वांत शेवटी येतो. भव्य इमारतीत आठ-दहा हजारांवर शिकवणाऱ्या आणि दरवर्षी बदलणाऱ्या शिक्षिका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. जाहिरातीने होणारे नुकसान पालकांच्या फसवणुकीपुरते नाही; शाळेचा पैसा कुठे जावा हेही ती हळूहळू ठरवू लागते.

जाहिरातींमागचे आणखी एक कारण शिक्षण हक्क कायद्याशी जोडलेले आहे. २००९ च्या या कायद्यानुसार विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्याची प्रतिपूर्ती शासनाने करायची, अशी रचना आहे. महाराष्ट्रात ही प्रतिपूर्ती अनेक वर्षे दर विद्यार्थी १७ हजार ६७० रुपये राहिली आणि तीही वेळेवर मिळत नाही, अशी शाळांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. त्यामुळे उरलेल्या ७५ टक्के जागा शुल्क देणाऱ्या मुलांनी लवकर भरल्याच पाहिजेत, असा दबाव येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती सूट रद्द केली, आणि ते योग्यच झाले. थकलेली प्रतिपूर्ती वेळेवर देणे हा त्यावरचा उपाय आहे, गरीब मुलांची जागा काढून घेणे नव्हे.

कायद्याने शाळा नफ्यासाठी चालवता येत नाही. टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात २००२ साली आणि मॉडर्न स्कूलच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने नफेखोरीला मज्जाव केला, पण संस्थेच्या विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवण्यास मान्यता दिली. हीच शिल्लक दुसऱ्या, तिसऱ्या शाखेत जाते आणि मग जाहिरात एका शाळेची न राहता साखळीच्या नावाची होते. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर शाळेच्या मुख्याध्यापकांचे नाव नसून केवळ नाममुद्रा आणि फोन क्रमांक असेल, तर ती जाहिरात बहुधा याच प्रकारची असते.

आपण आता काय करावे? शाळा पाहायला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या : गेल्या वर्षी किती मुले दाखला घेऊन गेली, आणि पहिली-दुसरीच्या शिक्षिका या शाळेत किती वर्षांपासून आहेत. प्रवेश घेतल्यानंतरही आपला हक्क संपत नाही. महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन अधिनियम २०११ नुसार प्रस्तावित शुल्काचा तपशील व्यवस्थापनाने नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. या समितीवर जायची तयारी दाखवा, आणि जाहिरात व प्रसिद्धीवर किती खर्च झाला हे तिथे विचारा. हा प्रश्न फार कमी पालक विचारतात.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आम्हाला शासनाकडून पगार मिळतो, तरी दरवर्षी मे महिन्यात संस्था आम्हाला वाड्या-वस्त्यांवर विद्यार्थी आणायला पाठवते. प्रत्येकाला पाच-सहा मुलांचे लक्ष्य दिले जाते. काही ठिकाणी सहकारी स्वतःच्या खिशातून मुलांना दप्तर, गणवेश, सायकलही घेऊन देतात. अनुदानित शाळेला हे का करावे लागते? — एक शिक्षक

उत्तर : आपल्या पत्रातील थकवा मला जाणवला आणि आपल्यासारखी अवस्था राज्यभर अनेक शिक्षकांची आहे. स्वयंअर्थसहाय्यित शाळेला शुल्कासाठी मूल हवे असते; अनुदानित शाळेला ते शिक्षकाचे पद टिकवण्यासाठी हवे असते.

आपण जाणताच, दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते आणि किती शिक्षकांचे वेतन शासन देणार हे तीवरून ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक स्तरावर ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक अशी पायरी आहे. राज्याने २८ ऑगस्ट २०१५ आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयांनी त्यावर स्वतःचे निकष घातले. निकष कोणतेही असोत, पायरीची रचना अशी आहे की काठावरच्या एका-दोन मुलांनी एक पद जाते किंवा राहते. पद गेले की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दूरच्या तालुक्यात जातो. टप्पा अनुदानावरील, म्हणजे ज्यांचे अनुदान एकदम न मिळता टप्प्याटप्प्याने वाढते अशा शाळांत ही भीती अधिक तीव्र असते. २००१ पासून ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून मान्यता मिळालेल्या शाळांपुढील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये निघाला, पण प्रत्यक्ष अनुदान टप्प्याटप्प्याने आणि आंदोलनांनंतर येत राहिले. त्या शाळांतल्या शिक्षकांनी ऐन उमेदीची वर्षे नाममात्र पगारावर काढली आहेत. पट घसरून हातातोंडाशी आलेले अनुदान जाऊ नये म्हणून ते वस्तीवर जातात, त्यात मला त्यांचा दोष दिसत नाही.

पूर्वी हा प्रश्न अनेक संस्थांनी खोट्या नावांनी सोडवला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये शासनाने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, तेव्हा हजेरीपटावरची मुले आणि वर्गातली मुले यांतले अंतर उघड झाले. पुढे आधार जोडणीमुळे एकच मूल दोन शाळांत दाखवणे अवघड झाले. आता मूल खरेच आणावे लागते. म्हणून मे महिन्यातली पायपीट वाढली.

इथे एक भेद करायला हवा असे मला वाटते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील, वीटभट्टीवरील किंवा सातवीनंतर शाळा सुटलेल्या मुलीला शोधून वर्गात आणणे हे शिक्षकाचे काम आहे आणि ते अभिमानाने करावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात गावोगावची, सर्व जातींची मुले आणली. त्यामागे पदसंख्येचा हिशेब नव्हता. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत नीट शिकणारे मूल सायकलीचे आमिष दाखवून आपल्या पटावर ओढणे हे मात्र शिक्षणाचे काम नाही. त्याने एका शिक्षकाचे पद वाचते आणि दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाचे जाते. मुलाच्या वाट्याला फक्त लांबचा रस्ता येतो. पाच-सहा मुलांचे लक्ष्य देणारी संस्था हा भेद करत नाही, म्हणून आपण शिक्षकांनी तो एकत्र येऊन करावा. शिक्षकांच्या खिशातून होणारा खर्च तर तातडीने थांबला पाहिजे. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियमाने आपल्याला सेवेचे संरक्षण दिले आहे. विद्यार्थी आणले नाहीत एवढ्याच कारणासाठी कारवाईची धमकी मिळाली तर ती लेखी मागा आणि संघटनेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.

प्रश्न : नातवाच्या प्रवेशासाठी आलेल्या एका पत्रकावर तीन दावे आहेत : ‘सलग शंभर टक्के निकाल’, ‘सीबीएसई पॅटर्न’ आणि ‘मर्यादित जागा, प्रवेश चाचणीद्वारे’. शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असाही शब्द आहे. यातले किती खरे धरावे? — एक आजोबा, नागपूर

उत्तर : तिसऱ्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण तो छापून शाळेने स्वतःच्याच विरुद्ध पुरावा दिला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची निवड चाचणी घेता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर गेल्या आहेत, पण इतर शाळांना हे कलम लागू आहे. पत्रक जपून ठेवा. बहुतेक वेळा ही चाचणी निवडीसाठी नसतेच. जागा रिकाम्या असतानाही ‘निवड झाली’ असे सांगितले की पालक लगेच पैसे भरतात, एवढाच तिचा उपयोग असतो. ‘मर्यादित जागा’ हे शब्दही त्याच घाईसाठी छापलेले असतात.

‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दांना कायद्यात काहीही अर्थ नाही. शाळा मंडळाशी संलग्न असते किंवा नसते. संलग्न असेल तर तिला संलग्नता क्रमांक असतो आणि मंडळाच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. क्रमांक नसेल तर शाळेत बहुधा त्या धर्तीची पुस्तके तेवढी वापरली जातात. लहान वर्गांत याचा फरक जाणवत नाही. नववीत मंडळाकडे विद्यार्थ्यांची नोंदणी करायची वेळ येते तेव्हा जाणवतो. तोवर संलग्नता मिळाली नाही तर मुलांना ऐनवेळी शाळा किंवा मंडळ बदलावे लागते. ‘इंटरनॅशनल’ हा शब्दही असाच आहे. ज्या शाळा केंब्रिज किंवा आयबी यांसारखा परदेशी अभ्यासक्रम खरोखर चालवतात त्या तसे स्पष्ट सांगतात; केवळ नावात शब्द असल्याने अभ्यासक्रम बदलत नाही. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (शासनाच्या नोंदीतील शाळेचा ओळख क्रमांक) आणि शिक्षण हक्क कायद्याखालील मान्यतेचे प्रमाणपत्र, त्याची मुदत पाहून, मागून घ्या.

आता शंभर टक्के निकाल. हा दावा अनेकदा शब्दशः खरा असतो, आणि म्हणूनच तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढतात. काठावरच्या मुलांना नववीतच अनुत्तीर्ण केले, दहावीच्या आधी त्यांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला ठेवला किंवा १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसायला लावले, की ती मुले शाळेच्या निकालात मोजलीच जात नाहीत. शाळेचा आकडा स्वच्छ राहतो आणि पंधरा वर्षांच्या मुलाला आपण नकोसे आहोत हे कळते. फ्लेक्सवर नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलांचे चेहरे असतात. त्यांच्यासाठी जागा करून द्यायला किती चेहरे वगळले गेले ते तिथे लिहिलेले नसते. शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लावणाऱ्या प्रत्येक शाळेत असे घडते असे मी म्हणत नाही. मागे पडणाऱ्या मुलांसाठी जादा तास घेऊन प्रामाणिकपणे सर्वांना पार करणाऱ्या शाळाही आहेत. दोन्हींत फरक ओळखायचा असेल तर एकच विचारा : दहावीला जेवढी मुले बसली, ती तुकडी आठवीत असताना पट किती होता? प्रामाणिक शाळा हा आकडा लगेच सांगते.

खोट्या दाव्याची तक्रार जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे, करता येते. भारतीय जाहिरात मानक परिषद ही १९८५ पासून काम करणारी स्वयंनियमन संस्था आहे आणि शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींसाठी तिची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत : पुराव्याशिवाय दावा करू नये, मान्यता नसताना ती असल्याचे भासवू नये. तिच्याकडे तक्रार करायला वकील लागत नाही.

प्रश्न : आमची संस्था सांगली जिल्ह्यात सेमी-इंग्रजी माध्यमाची स्वयंअर्थसहाय्यित शाळा चालवते. शुल्क माफक आहे, शिक्षक चांगले आहेत, पण तालुक्याच्या इंग्रजी शाळांच्या बस आता गावापर्यंत येतात आणि आमची पहिली रिकामी होत चालली आहे. कार्यकारिणीतील काही सदस्य मोठे फ्लेक्स लावू म्हणतात. ज्येष्ठ सदस्यांना शाळेने जाहिरात करणे शोभत नाही असे वाटते. आम्ही काय करावे? — सचिव

उत्तर : ज्येष्ठ सदस्यांच्या संकोचाबद्दल मला आदर आहे, पण तो बाजूला ठेवावा लागेल. मुंबई महानगरपालिकेने २०२२ मध्ये एक लाख नव्या विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवून प्रवेशाची जाहीर मोहीम राबवली. ज्या शाळांत शुल्कच नाही त्यांनाही लोकांपर्यंत जावे लागते, तर आपल्याला का नको? आपली शाळा काय करते हे न सांगता बसलात, तर पालक बसच्या रंगावरून निर्णय घेतील.

फ्लेक्सवर मात्र पैसा घालू नका. तालुक्याच्या शाळेशी फ्लेक्सच्या आकारात आपण स्पर्धा करू शकणार नाही, आणि केली तरी तो पैसा शिक्षकांच्या पगारातून जाईल. एक साधे पत्रक छापा. त्यावर पुढाऱ्यांची आणि गुणवंतांची छायाचित्रे नकोत. मुलांची छायाचित्रे घ्यायचीच असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. प्रत्येक इयत्तेचा पट, प्रत्येक शिक्षकाची पात्रता आणि या शाळेतील वर्षे, तसेच पहिलीपासून विज्ञान-गणित कोणत्या भाषेत शिकवता, एवढे लिहा. इंग्रजीविषयी पालकांच्या मनात जी भीती आहे तिला बगल देऊ नका. चौथीच्या अखेरीस आपली मुले इंग्रजीत काय वाचू आणि लिहू शकतात हे नेमके सांगा. आणि ते सांगण्यासारखे नसेल तर आधी ते सुधारा, पत्रक पुढच्या वर्षी काढा.

शुल्कही पूर्ण छापा : प्रवेश, सत्र, सहल, गणवेश, पुस्तके, सगळे धरून वर्षाचा एकूण आकडा. शुल्क विनियमन कायद्यानुसार मान्य झालेले शुल्क सूचना फलकावर मराठीत लावावेच लागते, तेव्हा ते पत्रकावर छापण्यात अडचण नसावी. तालुक्याच्या शाळांच्या पत्रकांत हा आकडा सहसा नसतो आणि बसचे भाडे तर नंतरच कळते. गावातल्या पालकाला दोन्ही रकमा शेजारी ठेवून पाहता आल्या तर त्याचा निर्णय कदाचित बदलेल.

पत्रके वाटायला शिक्षकांना उन्हात पाठवू नका. आपल्याकडे शिकून गेलेल्या मुलांच्या पालकांना विनंती करा. आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या दोन शनिवारी, वर्ग नेहमीसारखे चालू असताना, येऊ पाहणाऱ्या पालकांना पहिलीच्या वर्गात मागे बसू द्या. त्यासाठी स्वागत समारंभ, भाषण किंवा चहापान ठेवू नका, वर्गही सजवू नका. बाईंना फक्त आदल्या दिवशी कल्पना द्या.